करडा चौकोन

आमच्या ह्यांचं एक तत्त्व होतं. ज्या प्रोग्रॅमच्या आत काय लिहिलंय ते उघडून बघता येत नाही, असा प्रोग्रॅम आपल्या घरात शिरता कामा नये. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म तारा जोडण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर लिनक्स नावाचं, कॉम्प्युटर चालवणारं आणि आतून सगळं उघडं असलेलं प्रकरण ह्यांच्या हाती लागलं. मग काय, घरात दुसरा संसारच सुरू झाला. रविवारी पुढच्या खोलीत लिनक्सवाले जमायचे. सगळे ह्यांना 'सर' म्हणायचे. मी चहा करायचे आणि दाराशी उभी राहून ऐकायचे.

खोटं कशाला बोलू, मला ते पटायचं. मी शिवणाचे क्लास चालवायचे. तयार कोटाच्या अस्तरात काय भरलंय ते उसवल्याशिवाय कळत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. शिवाय ह्यांची री ओढायची मला लग्नापासूनची सवय. शेजारीपाजारी कोणी हसलं, की ह्यांच्याआधी मीच तोंड उघडायची.

कॉम्प्युटर एकच होता, मागच्या खोलीत, खिडकीखाली. त्यावर दोन खाती: ह्यांचं एक, माझं एक. पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे. "नवरा-बायको असलो तरी प्रत्येकाचा कप्पा वेगळा हवा," असं हे मोठ्या कौतुकाने सांगायचे. माझ्या कप्प्यात लेकीचे मेल यायचे. ती लांब राहते, विमानाने जावं लागतं इतकी लांब. तिला एक मुलगी, आमची मुंगी. हे नाव लेकीनेच ठेवलेलं. पोर हाताला लागेल ते ओढत घरभर फिरायची म्हणून. पाळण्यात असताना मुंगीला ताप आला. ताप गेला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला.

मुंगी जरा मोठी झाल्यावर खुणांच्या शाळेत जायला लागली. हातांनी बोलायची रीतसर भाषा असते, तिचं व्याकरण असतं, हे सगळं मला तेव्हा कळलं. शाळेने नातेवाइकांसाठी एका वेबसाइटवर धडे ठेवले होते. प्रत्येक धडा म्हणजे एक छोटा व्हिडिओ. मुलांच्या आयाच समोर बसून खुणा करून दाखवायच्या. काही धड्यांत आमची लेक होती, आणि तिच्या मांडीवर मुंगी. लेकीने पत्ता पाठवला आणि लिहिलं, "आई, पुढच्या वर्षी सुट्टीत येतोय. तोवर शिकून ठेव. मुंगीला आजीशी बोलायचंय."

मी पत्ता उघडला. पान आलं, शाळेचं नाव आलं, धड्याचं नाव आलं. आणि जिथे माझी लेक आणि नात दिसायला हवी होती तिथे एक करडा चौकोन. मधोमध एक ओळ: हा व्हिडिओ दाखवण्यासाठी लागणारं प्लगइन बसवलेलं नाही.

"अहो, हे बघा जरा," मी हाक मारली.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं. "हं. इथेच तर घोडं पेंड खातं. हे प्लगइन बंद पेटीतलं आहे गं. आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. आपल्याकडे नाही बसवायचं ते."

"मग मुंगीचे धडे?"

"शाळेला पत्र लिहितो ना. हेच व्हिडिओ मोकळ्या पद्धतीने टाका म्हणून सांगतो. अवघड काही नाही, महिन्याभरात करतील. तेवढी कळ काढ."

मी कळ काढली. मधूनमधून विचारायची, "आलं का शाळेचं उत्तर?" हे म्हणायचे, "काम चालू आहे त्यांचं." तोवर मी माझी सोय केली. लेकीला कळवलं की मला कागदावरून शिकायची सवय, तर तू खुणा लिहूनही पाठव. नवऱ्याच्या तत्त्वापायी नातीचे धडे अडलेत, हे काही मी लिहिलं नाही. घरची गोष्ट घरातच राहिलेली बरी, असं मला वाटलं. लेकीने बिचारीने सगळं सविस्तर लिहिलं. "आजी: दोन बोटं डोळ्याच्या कोपऱ्याशी टेकव, गालावरून खाली आण, हनुवटीपाशी मिटून घे." "ये: पंजा उताणा, बोटं आपल्याकडे." मापं वाचून अंगावर बरोबर बसेल असा कोट मी बेतत आले, मग दोन बोटांचं काय एवढं? मी ती पत्रं छापून घेतली, न्हाणीघराच्या आरशाशेजारी चिकटवली आणि रोज सकाळी सराव सुरू केला.

ह्यांची दाढीची वेळ तीच. खांद्यावर टॉवेल टाकून हे दारात उभे राहायचे, माझं होईपर्यंत. मी आरशातूनच विचारायची, "जमतंय का हो?"

"छान जमतंय," हे म्हणायचे.

माझी नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्याकडचा कॉम्प्युटर दुकानातून आला तसाच आहे, त्यावर सगळं दिसतं. एकदा ती चहाला आली आणि आरशापाशी मला हातवारे करताना बघून हसत सुटली. मी खरं काय ते सांगितल्यावर मात्र तिचं हसू गेलं.

"अगं वहिनी, वेड लागलंय का तुम्हा दोघांना? माझ्याकडे ये, आत्ता ये. दोन मिनिटांत दाखवते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपरात डोकं घालून बसले होते. ते न उचलताच म्हणाले, "जायचं तर जा. मी कोण अडवणार? पण मग रविवारी त्या पोरांना मी कोणत्या तोंडाने सांगू? आपल्याच घरातलं माणूस शेजारी जाऊन तेच बघतं म्हटल्यावर आपल्या बोलण्याला काय किंमत?"

मी गेले नाही. नणंद मात्र पेटली. "दादाचं हे नुसतं नाटक आहे," ती म्हणाली. "नात आणि आजी यांच्यामध्ये कसलं आलंय तत्त्व?" मग मीही पदर खोचला. तुझा भाऊ शब्दाचा पक्का आहे, तुझ्यासारखा सोयीप्रमाणे बदलत नाही, असं काय काय मी तिला सुनावलं. ती अर्धा चहा टाकून निघून गेली आणि त्यानंतर आमच्याकडे यायची बंद झाली. मला वाईट वाटलं, पण मनातून अभिमानही वाटला. हे त्या दिवशी अगदी गप्प गप्प होते. बहिणीशी बिनसलं म्हणून असतील, असं मी धरून चालले.

त्यानंतर मला ह्यांच्या हातांची काळजी लागली. जेवताना, पेपर वाचताना, बसची वाट बघताना ह्यांची बोटं मांडीवर चाळवायची. मिटायची, उघडायची, एकमेकांवर चढायची. मी विचारलं की हात खिशात. आमच्या सासऱ्यांना शेवटी कंपवात झाला होता, त्यांना पेला धरता यायचा नाही. मी ह्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं, गुडघ्यावर हातोडी मारली. सगळं ठीक निघालं. "वयाने होतं असं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. हेही म्हणाले, "हो, वय झालं." घरी येताना बसमध्ये मी ह्यांचा हात माझ्या हातात धरून बसले होते.

सुट्टी आली. लेक आणि मुंगी टॅक्सीतून उतरल्या तेव्हा मी फाटकात उभी होते. आदल्या दिवसापासून मी मनात घोकत होते: आधी 'ये', मग 'मी', मग 'आजी'. मुंगी फोटोतल्यापेक्षा बारीक होती. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि थेट माझ्या हातांकडे बघायला लागली. आपण एखाद्याच्या तोंडाकडे बघतो तशी.

मी खाली बसले. घोकलेला क्रम विसरले आणि थेट दोन बोटं डोळ्याच्या कोपऱ्याला लावली, गालावरून खाली ओढली, हनुवटीपाशी मिटली. मुंगीने मान तिरकी केली. मी पुन्हा केलं, जरा जोर लावून. ती विचारात पडली. मग तिने फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला आणि माझा गाल पुसायला लागली. आजीच्या गालाला काहीतरी लागलंय, तेच ती दाखवते आहे, असं तिला वाटलं.

मी हसले. रडू आवरायला हसावं लागलं. तेवढ्यात हे माझ्या मागून पुढे आले, गुडघे टेकून बसले आणि ह्यांचे हात सुरू झाले.

दुसरा शब्दच नाही त्याला. हात सुरू झाले. मांडीवर चाळवणारी तीच बोटं आता छातीसमोर सरळ, मोकळी, भराभर चालत होती. मुंगीचा चेहरा उजळला. तिने पाठीवरची पिशवी जमिनीवर टाकली आणि उत्तर दिलं. ह्यांनी काही विचारलं, तिने विमान करून दाखवलं, पोट दाबून तोंड वाकडं केलं. हे हसले, तीही खिदळली. मग ह्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि 'आजी' म्हणून दाखवलं. बोटं ओढायची नव्हतीच. गालावर नुसती दोनदा टेकवायची होती, हलकेच, वरून खाली, आणि मिटताना मनगट बाहेर वळवायचं होतं. पत्रात मनगट नव्हतं.

"बाबा, किती सफाई आलीय तुमच्या हाताला!" लेक टॅक्सीवाल्याला निरोप देऊन आली होती. मग ती माझ्याकडे वळली. "आणि आई, तू गं? तुझं का नाही असं? तुम्ही दोघं मिळून बघता ना धडे?"

"कोण दोघं?" मी विचारलं.

"बाबांनीच तर कळवलं होतं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं मिळून बघतो म्हणून."

हे उठून उभे राहिले आणि बॅगा उचलायला लागले. दोन्ही हातांत दोन बॅगा. आता हात बोलू शकत नव्हते, आणि तोंड तर ह्यांनी मिटलंच होतं.

मी घरात येऊन चहासुद्धा टाकला नाही. मागच्या खोलीत गेले, कॉम्प्युटर सुरू केला आणि ह्यांना म्हणाले, "तुमचं खातं उघडा."

"अगं, आत्ताच आल्यात त्या. जेवण वगैरे..."

"उघडा."

ह्यांनी पासवर्ड टाकला. एरवी मी खोलीत असले की हे अंगाने कीबोर्ड झाकून टाकायचे, आज तेवढंही भान नव्हतं. लेकीने शाळेचं पान उघडलं. करडा चौकोन कुठेच नव्हता. त्या जागी माझी लेक होती, केस जरा लांब, आणि तिच्या मांडीवर दात पडलेली मुंगी. दोघी हलत होत्या. धड्याचं नाव 'घरची माणसं'. लेकीने कॅमेऱ्याकडे बघत हातांनी काही सांगितलं, आणि त्याबरोबर तोंडानेही म्हणाली, "आई, हा तुझ्यासाठी."

कधी केला होता तो व्हिडिओ! त्यानंतर मुंगीला नवे दात आले होते.

लेक ऑफिसात असलीच यंत्रं सांभाळते. तिला फार शोधावं लागलं नाही. ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं ते एरवी दिसत नाही, असं तिने सांगितलं. लपलेली फोल्डरं तिने दाखवायला लावली, त्यातलं एक उघडलं, आणि आत प्लगइनची फाईल होती. एकुलती एक. सगळ्या कॉम्प्युटरसाठी न बसवता फक्त ह्यांच्या कप्प्यात ठेवलेली.

"म्हणजे माझ्या खात्यात चालणारच नव्हतं ते?"

"नाही. ही फाईल तुझ्या फोल्डरमध्ये ठेवली असती तर चाललं असतं."

"ठेवायला काय लागतं?"

लेकीने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, माझं खातं उघडलं, तिथे तसलंच एक फोल्डर केलं, फाईल आत टाकली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. एका टेबलावरची कात्री उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवावी, एवढंच ते काम. माझा करडा चौकोन गेला आणि त्यातून माझी नात माझ्याकडे बघून हसली.

मुंगी माझ्या शेजारीच उभी होती. स्क्रीनवर स्वतःला बघून तिला मजा वाटत होती. मी लेकीला म्हणाले, "तिला खायला दे काहीतरी," आणि त्या दोघी गेल्यावर दार लोटून घेतलं.

"बोला," मी म्हणाले.

हे पलंगाच्या कडेवर बसले. "आधी नुसतं तपासायला घातलं होतं," हे म्हणाले. "शाळेला पत्र लिहायचं तर व्हिडिओ कसले आहेत ते कळायला हवं. एकदा बघून काढून टाकणार होतो. पण त्यात मुंगी होती. ती हात हलवून काहीतरी म्हणत होती आणि मला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत बघितलं."

"शाळेचं उत्तर काय आलं?"

"जमणार नाही म्हणाले. लगेचच."

"लगेच? आणि मी विचारायची तेव्हा?"

हे पलंगपोसाची किनार सरळ करायला लागले.

"मला का नाही सांगितलंत? मी काय रविवारी तुमच्या त्या पोरांसमोर दवंडी पिटली असती?"

"सांगणार होतो गं. खरंच सांगणार होतो. पण मग माझी बहीण आली आणि तू तिच्याशी भांडलीस, माझ्या बाजूने. भाऊ शब्दाचा पक्का आहे म्हणालीस. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगायचं?"

म्हणजे दोष पुन्हा माझ्याच पदरात. मी ह्यांच्यासाठी भांडले, म्हणून ह्यांना खरं बोलता आलं नाही! नणंद गेली, नातीचं बोलणं गेलं, आणि ज्याच्यासाठी गेलं तो माणूस पलीकडे टिंबाआड बसून आरामात सगळं बघत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला कापल्याचं कळलंसुद्धा नाही.

आणि तरीही, खरं सांगते, व्हिडिओ लपवून बघितले हे मी गिळलं असतं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ह्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून घेतली आणि मिठाची गुळणी धरून बसले, तेही कधीतरी हसण्यावारी नेलं असतं. माझ्या मनातून जात नव्हता तो आरसा.

"तुम्ही दारात उभे राहायचात," मी म्हणाले. "खांद्यावर टॉवेल टाकून. मी रोज चुकत होते आणि तुम्हाला दिसत होतं. बोटं ओढायची नाहीत, टेकवायची, मनगट बाहेर वळवायचं. एवढंच होतं ना? एवढंच. तुम्हाला येत होतं. आणि मी विचारलं तर काय म्हणायचात तुम्ही?"

ह्यांनी मान खाली घातली.

"काय म्हणायचात?"

"छान जमतंय," हे पुटपुटले.

"सुधारलं असतंत तर तुम्ही पकडले गेला असता. म्हणून मला चुकू दिलंत. पोरीसमोर मला तोंडघशी पाडलंत, पण तुमचं तत्त्व तेवढं शाबूत राहिलं."

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण स्वयंपाकघरातून मुंगीचं हसू ऐकू आलं. तिचं हसू मोठं असतं, तिला स्वतःला ते ऐकू येत नाही म्हणून. मी दार उघडून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसले आणि मुंगीने माझी शिकवणी घेतली. पाव, दूध, साखर. हवं, नको. चुकलं की ती माझी बोटं धरून जागेवर ठेवायची, आणि बरोबर आलं की डोळे मोठे करायची. 'नको' मला सगळ्यांत लवकर आलं: दोन बोटं आणि अंगठा, चिमटा काढल्यासारखा झटकन मिटायचा. मध्येच तिने आईकडे बघून माझी ती चुकलेली खूण केली, दोन बोटं गालावरून पुसत पुसत खाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

लेकीला हसू फुटलं. "आई, तुझं नाव पडलं. त्यांच्यात प्रत्येकाला असं एक नाव असतं, एकदा पडलं की बदलत नाही."

मी तेच करून दाखवलं. मुंगीने टाळ्या पिटल्या. माझं नाव मला आवडलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. आता पोर मला जन्मभर त्या चुकीने हाक मारणार होती, आणि ती चूक कोणी जपून ठेवली ते तिला कधीच कळणार नव्हतं.

नेमके तेव्हाच हे दारात आले. दाढी करून, खांद्यावर टॉवेल. ह्यांनी मुंगीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. उजवा पंजा छातीवर ठेवला, सावकाश खाली आणला आणि उताणा करून माझ्यासमोर धरला. तोंडाने एक अक्षर नाही.

ती खूण लेकीच्या पत्रांत नव्हती. मला येत नव्हती; माफीची आहे हे ह्यांच्या चेहऱ्यावरून तेवढं कळलं. माझी माफी मागायलाही ह्यांनी जी भाषा माझ्यापासून लपवली तीच निवडली.

मुंगीने माझी बाही ओढली. आजीला हे कळलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने माझा पंजा उचलला आणि माझ्याच छातीवर ठेवायला निघाली, शिकवायला.

मी हात सोडवून घेतला. दोन बोटं आणि अंगठा पुढे धरला आणि मिटला. नको. जागा बरोबर, मनगट बरोबर. मुंगीने डोळे मोठे केले.

मग मी मान वर करून तेच पुन्हा एकदा दारातल्या माणसाला म्हणाले. ह्यांना ती भाषा माझ्याहून चांगली येते. ह्यांना लगेच कळलं.